'चूक तुझीच' हे उत्तर नव्हे

क्रिप्टोच्या मंडळींत कुणी नवखा अडचण घेऊन आला की त्याला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. 'एक्स्चेंजने विथड्रॉवल बंद केलंय, माझी नाणी कधी मिळतील?' असं त्याने विचारलं की 'एक्स्चेंजवर ठेवलीच कशाला, भाऊ?' 'यूएसडीटी विकले, पैसे आले आणि दुसऱ्या दिवशी बँकेने खात्यावर लीन लावला, रक्कम अडवली' असं सांगितलं की 'समोरचा कोण आहे ते बघून घ्यायला नको का?' चुकीच्या नेटवर्कवर नाणी गेली, तर 'वाचून मगच पाठवायचं असतं.' आणि शेवटी ते वाक्य येतं, आंद्रेआस अँटोनोपुलस यांनी जगभर पोहोचवलेलं: किल्ली तुमची नसेल, तर नाणंही तुमचं नाही.

या वाक्याशी माझं भांडण नाही. त्याच्या वापराशी आहे. नाणी घेण्याआधी द्यायची ताकीद म्हणून ते योग्यच आहे. पण ज्याचे पैसे अडकलेत, त्याच्या तोंडावर ते फेकणं चूक आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही, माणुसकीला धरून नाही, आणि त्याचा सगळ्यात मोठा तोटा असा की ज्यांनी जाब द्यायला हवा ते त्यामुळे सहज सुटतात.

आधी समोरच्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोतलं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज कोसळलं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन बेपत्ता झाल्याचं सांगितलं गेलं. त्यातले दोन लाख पुढे सापडले, पण घेणेकऱ्यांना नाणी परत मिळायला सुरुवात झाली ती २०२४ मध्ये, दहा वर्षांनी. जून २०२२ मध्ये सेल्सियस या क्रिप्टो कंपनीने ग्राहकांना पैसे काढू देणं थांबवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स या एक्स्चेंजने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली. हे सगळं पाहिलेला माणूस म्हणणारच की दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवू नका. ज्यांनी वेळीच आपली नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतली होती, ते यातल्या प्रत्येक वेळी वाचले. हे मला मान्य आहे.

पण या अनुभवातून जो निष्कर्ष काढला जातो तो तपासला पाहिजे. 'किल्ली हातात असली की निर्धास्त' असं म्हणणाऱ्यांनी वझीरएक्सची चोरी झाली कशी ते पाहावं. त्या वॉलेटला एक किल्ली नव्हती. सहा सह्याधारी होते, पाच वझीरएक्सचे आणि एक कस्टडी (नाणी सांभाळण्याची सेवा) पुरवणाऱ्या लिमिनल या कंपनीचा. व्यवहार पुढे जायला त्यातल्या चार सह्या लागत. वझीरएक्सच्या सह्याधाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. म्हणजे जी जी काळजी घ्यायला आपण नवख्यांना सांगतो ती कागदावर तरी घेतलेली होती. तरीही पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार वेगळे निघाले, असं कंपनीनेच सांगितलं. सात महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ ला, बायबिट या एक्स्चेंजवर तेच घडलं, आणि रक्कम होती सुमारे दीड अब्ज डॉलर. सह्या करणाऱ्यांना पडदा नेहमीसारखाच दिसत होता, कारण चोरांनी त्या वॉलेटचा वेब-इंटरफेसच बदलून टाकला होता. सही करणाऱ्यांत कंपनीचे प्रमुख स्वतः होते. अमेरिकेने या दोन्ही चोऱ्यांचं खापर उत्तर कोरियाच्या हॅकरांवर फोडलं आहे.

म्हणजे एका देशाच्या सरकारी यंत्रणेसमोर, पूर्णवेळ सुरक्षा-पथकं बाळगणाऱ्या कंपन्या किल्ली हातात असूनही फसल्या. मग दर महिन्याला दोन-तीन हजार रुपयांचं बिटकॉइन घेणाऱ्या लातूरच्या शिक्षकाला 'किल्ली स्वतःकडे ठेवली असतीस तर' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

किल्ली स्वतःकडे ठेवणं म्हणजे काय, हे बोलणारे बहुधा विसरतात. वॉलेट उघडलं की बारा किंवा चोवीस शब्द दिसतात. ते २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून आलेले असतात. या मानकाच्या याद्या इंग्रजीत आहेत, जपानीत, कोरियनमध्ये, स्पॅनिशमध्ये, अगदी चेकमध्येही आहेत; मराठी सोडाच, एकाही भारतीय भाषेत नाही. ज्याचं सगळं शिक्षण मराठीतून झालं त्याने ते इंग्रजी शब्द कागदावर अचूक उतरवायचे, क्रम चुकवायचा नाही, फोटो काढायचा नाही, क्लाउडवर ठेवायचे नाहीत, घरात कुणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत, आणि तरी उद्या आपल्याला काही झालं तर बायकोला ते सापडतील अशी तजवीज करायची. यातल्या शेवटच्या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पिढ्यान् पिढ्या सोनं आणि ठेवींच्या पावत्या सांभाळणाऱ्या घरांनाही हे सोपं नाही.

तज्ज्ञांनाही नाही. स्टेफान थॉमस हे नावाजलेले प्रोग्रामर. त्यांच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली ज्या पेनड्राइव्हमध्ये आहे, त्याचा पासवर्ड त्यांना आठवेना. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर तो ड्राइव्ह कायमचा बंद होतो, आणि २०२१ मध्ये ही गोष्ट जगासमोर आली तेव्हा आठ प्रयत्न संपलेले होते. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची सुमारे आठ हजार बिटकॉइनची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचरा डेपो उकरू द्यावा म्हणून त्यांनी केलेला दावा न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळला. या लोकांकडे किल्ली होती, एक्स्चेंज मध्ये नव्हतं.

शिवाय किल्ली घरात आली की चोरही घराचा पत्ता शोधतो. लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर २०२० मध्ये फुटले. ज्यांनी सुरक्षिततेसाठी वेगळं उपकरण विकत घेतलं, त्यांचीच यादी चोरांच्या हाती पडली, आणि मग खोटे मेल आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये याच कंपनीच्या एका सहसंस्थापकाला फ्रान्समध्ये घरातून पळवून नेलं आणि खंडणीसाठी त्याचं बोट छाटलं. ज्याने ही उपकरणं घडवली त्याच्यावर ही पाळी आली.

आता नवख्यांच्या चुकांकडे येऊ. 'वाचून पाठवायला हवं होतं' हे ऐकायला रास्त वाटतं. पण ती चूक होते कशी ते जवळून पाहा. इथेरियमच्या वॉलेटमधला पत्ता बेचाळीस अक्षरांचा असतो. पडद्यावर मात्र पहिली काही अक्षरं, मग तीन टिंबं, मग शेवटची चार अक्षरं, एवढंच दिसतं. आपण तेवढं जुळवून पाहायला शिकतो, कारण वॉलेट आपल्याला तेवढंच दाखवतं. चोर नेमका याचा फायदा घेतो. तुम्ही ज्या पत्त्यावर नेहमी पैसे पाठवता, त्याच्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता तो संगणकाकडून बनवून घेतो. त्या पत्त्यावरून शून्य किंवा नगण्य रकमेचा व्यवहार तुमच्याकडे पाठवतो, म्हणजे तो पत्ता तुमच्या व्यवहारांच्या यादीत येऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून पत्ता कॉपी करता, सुरुवात आणि शेवट बघता, दोन्ही जुळतात, पाठवता, आणि पैसे गेले. मे २०२४ मध्ये एका बड्या धारकाने याच सापळ्यात १,१५५ रॅप्ड बिटकॉइन, जवळपास सात कोटी डॉलर, गमावले. चोराने वाटाघाटींनंतर त्यातला बहुतेक भाग परत केला म्हणून तो वाचला. वाचून पाठवलं तरी हे होतं, कारण वाचायला दिलेलंच अर्धवट आहे. ते अर्धवट दाखवायचं वॉलेट बनवणाऱ्यांनी ठरवलं. मग दोष वाचणाऱ्याचा कसा?

चुकीच्या नेटवर्कचंही तसंच. इथेरियमचा आणि बीएनबी चेनचा पत्ता दिसायला हुबेहूब सारखाच असतो. ईआरसी-२० (इथेरियम) ऐवजी बीईपी-२० (बीएनबी चेन) निवडलं तर बरीच वॉलेट हूं की चूं न करता व्यवहार पुढे पाठवतात. एक्स्चेंजवर पैसे दिसत नाहीत आणि माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. मंडळी म्हणतात, 'गेले, विसर.' हे उत्तर निर्दय तर आहेच, पण पुष्कळदा चुकीचंही आहे. नाणी एक्स्चेंजच्याच पत्त्यावर पोहोचलेली असतात, त्या पत्त्याची किल्ली एक्स्चेंजकडेच असते, आणि मेहनत घेतली तर ती काढून देणं त्यांना शक्य असतं. तेव्हा व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख-क्रमांक), वेळ, रक्कम आणि नेटवर्क लिहून लेखी तक्रार करायला सांगणं हे खरं उत्तर. 'विसर' म्हणणारा त्या माणसाला त्याच्या हक्काच्या मागणीपासून परावृत्त करतो.

लीनच्या बाबतीत तर मंडळींची कठोरता मला अक्षम्य वाटते. पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, कुणी प्रामाणिकपणे यूएसडीटी (डॉलरशी जोडलेलं नाणं) विकतो. घेणाऱ्याचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळवतो, पैसे आल्याची खात्री करतो, मगच नाणी सोडतो. दोन-चार दिवसांनी खातं गोठतं. घडलेलं असतं असं: दुसऱ्याच राज्यात कुणीतरी सायबर फसवणुकीत लुटला गेला, त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि पोलिसांनी पैशाचा माग काढत एकेका खात्यातली रक्कम अडवली. आपला विक्रेता त्या साखळीत तिसरा किंवा चौथा. बँक म्हणते पोलिसांना विचारा, पोलीस ठाणं शेकडो किलोमीटर दूर. पगार त्याच खात्यात, घराचा हप्ता त्याच खात्यातून. 'नीट बघून विकायचं होतं' असं सांगणाऱ्याला माझा सवाल आहे की बघायचं काय? समोरचं खातं भाड्याने घेतलेलं असलं तरी त्यावर खरंखुरं नाव आणि खरी केवायसी असते. जे बँकेला कळलं नाही ते मोबाइलच्या पडद्यावरून याला कळावं, ही अपेक्षा रास्त नाही.

आणि मुळात लोक पीटूपीकडे का वळले? ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोशी संबंध तोडायला सांगितलं. त्यानंतरच इथल्या एक्स्चेंजनी पीटूपीची वाट काढली. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण बँकांचा हात आखडलेलाच राहिला. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस आला. सरळ रस्ता अडवला की माणसं आडवाटेने जाणारच, आणि आडवाटेवर लुटलं गेल्यावर दोष फक्त वाटसरूचा म्हणता येत नाही.

जो स्वतःची किल्ली घ्यायला निघाला त्याला तरी ती कुठे मिळत होती? भारतातल्या काही लोकप्रिय अ‍ॅपवर वर्षानुवर्षं नाणी बाहेर काढायची सोयच नव्हती. घ्या आणि तिथेच विका, एवढंच. जिथे सोय होती, तिथे छोट्या रकमेला काढण्याचं शुल्क परवडत नाही. २० एप्रिल २०२४ ला बिटकॉइनच्या हाविंगच्या (नव्या नाण्यांचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी एका व्यवहाराचं सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर गेलं होतं. पाच हजारांच्या नाण्यांसाठी काही हजारांचं हार्डवेअर वॉलेट घ्या, हा हिशेब सांगणाऱ्याने आधी स्वतः मांडून पाहावा.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 'एक्स्चेंजवरची नाणी तुमची नाहीत' हे विधान निसर्गनियम असल्यासारखं केलं जातं. ते तसं नाही. ती तुमची आहेत की नाहीत हे कायदा ठरवतो, आणि कायदा माणसं घडवतात. याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा जपानमध्ये आहे. माउंट गॉक्सने पोळलेल्या जपानने 'तुमची किल्ली, तुमची जबाबदारी' म्हणून हात झटकले नाहीत. एप्रिल २०१७ पासून तिथे एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची झाली आणि ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवण्याचा नियम आला. पुढे एफटीएक्स बुडालं तेव्हा त्याच्या जपानी शाखेच्या ग्राहकांना फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे साधारण तीन महिन्यांत, आपली नाणी काढता आली. एफटीएक्सच्या मुख्य मंचावरच्या ग्राहकांना परतफेड मिळायला सुरुवात झाली ती २०२५ मध्ये, आणि तीही नोव्हेंबर २०२२ च्या पडलेल्या भावाने, डॉलरमध्ये. किल्ली जपानी ग्राहकाकडेही नव्हती. फरक होता तो कायद्याचा. डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या युरोपच्या मिका कायद्यानेही कस्टडी सांभाळणाऱ्यावर त्याच्या चुकीने गेलेल्या नाण्यांची, बाजारभावाच्या मर्यादेत, जबाबदारी टाकली आहे.

आपल्याकडेही न्यायालयाने दार किलकिलं केलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे, आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येण्याजोगी आहे. त्या ग्राहकाकडे होते एक्सआरपी, चोरीला गेली होती वेगळ्या प्रकारची टोकन, तरीही सगळ्यांबरोबर त्यांचीही नाणी अडकली होती. न्यायालयाने तो फरक लक्षात घेऊन अंतरिम संरक्षण दिलं. ज्या नाण्याला न्यायालय ग्राहकाची मालमत्ता म्हणतं, त्याला आपणच आपसांत 'तुझं नव्हतंच' म्हणत बसलो आहोत. बाकीचे ग्राहक मात्र सुमारे पंधरा महिने थांबले, आणि त्यांच्या पैशाचं काय करायचं हे ठरलं सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण कंपनीची मालकी तिथे नोंदलेली.

सरकारची भूमिकाही इथे उघडी पाडली पाहिजे. नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आहे, वर चार टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडून कसलीही वजावट नाही. एका नाण्यात लाखाचा नफा आणि दुसऱ्यात लाखाचा तोटा झाला, हाती काही उरलं नाही, तरी ३१,२०० रुपये भरायचे. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला, म्हणजे केवायसी आणि अहवाल आले. हे नियम असायला माझा विरोध नाही. पण घेण्याच्या बाजूला इतकं तपशीलवार लिहिणाऱ्या सरकारने ग्राहकाची नाणी वेगळी ठेवा, राखीव साठा दाखवा, चोरी झाली तर इतक्या दिवसांत इतकी भरपाई द्या, असं सांगणारा स्वतंत्र कायदा अजून केलेला नाही. कर घेताना ही मालमत्ता, आणि संरक्षण मागितलं की तुमचं तुम्ही बघा, हे चालू देता कामा नये.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असं सांगितलं गेलं. त्या ठेवीदारांना कुणी 'रोकड उशाशी नव्हती, तर ती तुमची नव्हतीच' असं सुनावलं नाही. ते रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर गेली, आणि २०२१ मध्ये कायदा बदलून निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. त्यांचं सगळं दुःख मिटलं नाही, मोठ्या ठेवीदारांची फरफट झालीच. पण कायदा हलला, कारण ठेवीदारांनी एकमेकांना दोष देण्यात वेळ घालवला नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की संरक्षणाची भाषा केली की लोक बेफिकीर होतील. बँक ठेवींना विमा आहे म्हणून कुणी आपला एटीएमचा पिन वाटत फिरत नाही. विम्याने बेफिकिरी वाढते ती फार तर तिजोरी सांभाळणाऱ्यांची, आणि म्हणूनच नियम त्यांच्यावर हवेत. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: बिटकॉइन जन्मलं तेच मध्यस्थ नको म्हणून, मग पुन्हा सरकारच्या दारात कशाला? ज्याला खरोखर मध्यस्थाविना राहायचं आहे त्याचा हक्क मला मान्य आहे, आणि कायद्याने त्याच्या वॉलेटला हात लावू नये असंच मी म्हणेन. पण भारतातला सामान्य धारक पॅन देऊन, केवायसी करून, बँक खातं जोडून, टीडीएस भरून आत येतो. त्याच्यासाठी सरकार आणि मध्यस्थ पहिल्या दिवसापासून हजर आहेत. ते हजर असून जबाबदार नसावेत, याला विकेंद्रीकरण म्हणत नाहीत.

म्हणून मंडळींना माझी विनंती आहे आणि आग्रहही. उद्या कुणी नवखा अडचण घेऊन आला तर आधी त्याला पुढचं पाऊल सांगा: हॅश जपून ठेव, एक्स्चेंजकडे लेखी तक्रार कर, लीन असेल तर व्यवहाराचे सगळे पुरावे जोडून तपास अधिकाऱ्याला पाठव, बँकेकडून आदेशाची प्रत माग, फक्त वादातली रक्कम अडवून बाकीचं खातं मोकळं करण्याची विनंती कर. किल्ली सांभाळायची शिकवण त्यानंतर द्या, शांतपणे, हात धरून. आणि जी धार आपण एकमेकांवर चालवतो ती योग्य जागी वळवा. वॉलेट बनवणाऱ्यांकडे पूर्ण पत्ता दाखवण्याची आणि सही करण्याआधी व्यवहार माणसाला कळेल अशा भाषेत मांडण्याची मागणी करा. एक्स्चेंजकडे नाणी काढण्याचा अबाधित हक्क आणि राखीव साठ्याचा तपासता येईल असा पुरावा मागा. आपल्या खासदाराला विचारा की तीस टक्के घेणारं सरकार ग्राहकाची मालमत्ता वेगळी ठेवण्याचा कायदा कधी आणणार. प्रत्येक वेळी आपण 'चूक तुझीच' म्हणतो तेव्हा ही मागणी करू शकणारा एक माणूस शरमेने गप्प बसतो, आणि तो गप्प बसावा यातच जबाबदारी टाळणाऱ्यांचं हित आहे.